शेवटच्या शब्दाची जागा

६ जानेवारी

मावशी,

नमस्कार. तब्येत विचारत नाही, कारण तू खरं सांगत नाहीस आणि मग मला आईकडून काढून घ्यावं लागतं. फोनवर तुला 'स' आणि 'श' वेगळे ऐकू येत नाहीत म्हणून तू फोन उचलत नाहीस, हेही आता घरात सगळ्यांना पाठ आहे. तेव्हा पत्र.

सोबतचं जाड पाकीट बघून दचकू नकोस. ती झेक कादंबरी अखेर मला मिळाली. प्रकाशकांनी जूनची मुदत दिली आहे. चाळीस वर्षं तू छापखान्यात बसून लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्यास, आता घरच्या मुलीच्या काढ. पहिली दोन प्रकरणं पाठवते आहे. मूळ प्रतीच्या जागी माझं हस्तलिखित, आणि त्याबरोबर टाइप केलेला मजकूर.

गोष्ट थोडक्यात अशी. नायक वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन तराजू बरोबर आहेत का बघतो. नायिका रेडिओवर बातम्या वाचते. राजवट अशी, की बातम्या निम्म्या खोट्या, आणि ते तिला पक्कं माहीत. संध्याकाळी घरी येऊन ती त्याच आवाजात त्याला सांगते, माझं तुझ्यावर प्रेम आहे. तो बिचारा तिथेच अडकतो. दिवसभर ज्या आवाजाने खोटं सांगितलं, त्याचं संध्याकाळी खरं कसं मानायचं? सगळं पुस्तक या एका प्रश्नावर. मधेच लेखक गोष्ट थांबवून पाच-पाच पानं नुसता विचार करत बसतो, पण कंटाळा येत नाही. शेजारी बसून कुणी गप्पा माराव्यात तसं वाटतं.

माझी खरी अडचण शेवटच्या पानावर आहे. ती रेडिओवर उद्याचं हवामान सांगते, तो स्वयंपाकघरात एकटा बसून ऐकतो आणि एक शब्द म्हणतो. संपलं पुस्तक. झेकमध्ये एखाद्याचं खरं मानणं आणि एखाद्यावर विश्वास ठेवणं, दोन्हीला एकच क्रियापद आहे. आपल्याकडे दोन. ती जागा मी सध्या मोकळी सोडली आहे.

चष्मेवाला मजेत आहे. (तू त्याला जावई म्हणतेस. लग्न अजून ठरलेलं नाही, याची पुन्हा नोंद घ्यावी.) त्याने वॉर्डाच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलंय. वॉर्डातले निम्मे लोक त्याच्याच दुकानातल्या चष्म्यातून जग बघतात, तेव्हा आपल्याला बघायला काय हरकत आहे, असं त्याचं म्हणणं. पत्रक मी लिहून द्यायचं आहे.

तुझी
ठकू


१७ जानेवारी

चि. ठकू,

प्रकरणं वाचली. सदतीस चुका. त्यातल्या एकोणतीस ऱ्हस्वदीर्घाच्या. तू परदेशात जाऊन त्यांची भाषा शिकलीस आणि आपले उकार तिथेच विसरून आलीस की काय?

गोष्ट मला आवडली. तो निरीक्षक मात्र डोक्यात जातो. तराजू तपासता तपासता बायकोचं बोलणंही पारड्यात घालायला निघालेला माणूस. त्याच्या प्रश्नाचं म्हणशील तर मी छापखान्यातली बाई, मला तो प्रश्नच वाटत नाही. खोट्या बातमीतला 'प' आणि प्रेमपत्रातला 'प' एकाच खणातून येतो. छपाईच्या खिळ्याला त्याचं काही नसतं. बघायचं असतं ते जुळवणाऱ्याकडे.

माझे डोळे ठीक आहेत. फक्त, प्रुफं एकट्याने वाचायची नसतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवायची, अशी पद्धत आहे. वाचनालयात एक गृहस्थ येतात, ते वाचून दाखवतात. दहा ते बारा. चहा एकदाच देते.

जावयाला सांग, निवडणूक म्हणजे चष्म्याचा नंबर काढणं नव्हे. इथे समोरचा 'दिसत नाही' म्हणाला तर काच बदलता येत नाही.

मावशी


९ फेब्रुवारी

मावशी,

तिसरं, चौथं आणि पाचवं प्रकरण सोबत आहे.

उकार सुधारतेय. पण एक विचारू? तुझ्या दुरुस्त्यांमध्ये दोन वेगवेगळी अक्षरं आहेत. तुझी खूण मला माहीत आहे, शब्द खोडायचा तर तू सरळ रेघ मारतेस आणि शेजारी छोटासा फाटा काढतेस. आणि पान चौदावर, बाविसावर, एकतिसावर कुणीतरी फाट्याला लांब शेपूट काढलंय, पतंगाला असतं तसं. शिवाय पान बाविसाच्या समासात लिहिलंय, 'निरीक्षकाचं चुकतं आहे, पण तो वाईट माणूस नाही.' हे तुझं मत नाही, हे तर तुझ्या पत्रातच आहे.

हे चहा एकदाच मिळणारे गृहस्थ कोण?

इकडे सगळं ठीक. चष्मेवाला प्रचारात आहे, भेट होत नाही फारशी.

ठकू


१९ फेब्रुवारी

चि. ठकू,

गृहस्थ म्हणजे गृहस्थ. निवृत्त आहेत. वाचनालयात माझ्याआधी येऊन बसतात. नोव्हेंबरात मी रोजच्यासारखी पेन्सिल घेऊन वर्तमानपत्र उघडलं तर सगळ्या चुकांवर आधीच खुणा केलेल्या. अग्रलेखसुद्धा सोडला नव्हता. माझ्यासाठी एकही शिल्लक नाही म्हटल्यावर मला राग आला आणि मी विचारायला गेले. एवढंच.

आता तुझ्याकडे वळू. पाचव्या प्रकरणात निरीक्षकाला काय झालंय? पहिल्या दोन प्रकरणांत तो हसत होता. पाचव्यात तो 'दात काढतो'. आधी बोलत होता, आता 'अक्कल पाजळतो'. बायकोच्या खांद्यावर हात ठेवतो तिथे तू 'हात टाकतो' लिहिलंस. झेक लेखकाचा त्याच्यावर एवढा राग असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण मला वाटतं, लेखक शांत आहे आणि भाषांतरकार चिडली आहे.

जावयाशी काय बिनसलं ते सविस्तर लिही. आणि ते प्रकरण पुन्हा कर.

मावशी


२६ फेब्रुवारी

मावशी,

तुझ्यापासून काही लपवायचं तर माणसाने लिहिता कामा नये.

झालं असं. पत्रकाचा मसुदा त्याने आणून दिला, मी नीट करायला घेतला. त्यात होतं, 'निवडून आल्यास दोन महिन्यांत प्रत्येक घरात रोज पाणी.' मी विचारलं, "हे कसं करणार आहेस?" तो म्हणाला, "सगळेच लिहितात." मी म्हटलं, "सगळे लिहितात ते मी भाषांतर केलेलं नाही." आणि अशी तीन वाक्यं मी खोडली. त्याने बघितलं, पत्रक घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "तुला मी निवडून यायला नकोय." मी म्हटलं, "मला तू खोटं बोलायला नकोय." तो म्हणाला, "तीस दिवसांपुरतं." म्हणजे मतदानापर्यंत. मी म्हटलं, "आणि एकतिसाव्या दिवशी तू मला काही सांगितलंस तर मी ते कुठल्या हिशेबात धरू?"

हे वाक्य थेट आपल्या निरीक्षकाचं आहे, हे तुझं पत्र आल्यावर कळलं. ज्याच्यावर मी दात खात होते, त्याचीच भाषा मी बोलत होते. तीन आठवडे झाले. दुकानावरून जाताना तो आत दिसतो, कुणाच्या तरी नाकावर फ्रेम बसवत असतो.

पाचवं प्रकरण पुन्हा केलं, सोबत आहे. सहावं आणि सातवंही.

आणि मावशी, आईने मला एकदा सांगितलं होतं, छापखान्यातल्या संपाच्या वेळी तुझ्या बाबतीत काहीतरी झालं आणि त्यानंतर तू ती नोकरी सोडलीस. युनियनचा सेक्रेटरी जुळारी होता, खिळे जुळवायचा, असंही ती म्हणाली होती. तुझे गृहस्थ निवृत्त काय होते, हे तू लिहिलं नाहीस.

ठकू


१४ मार्च

चि. ठकू,

सातवं प्रकरण न तपासता बाजूला ठेवलं आहे. वाचायला माणूस नाही. पुढची प्रकरणं सध्या पाठवू नकोस.

मी बरी आहे.

मावशी


२० मार्च

मावशी,

'मी बरी आहे' हे वाक्य वेगळ्या ओळीवर लिहिलंस, म्हणून घाबरले. आईला तुझ्याकडे पाठवणार होते. तिने सांगितलं, "ती जिन्यात भेटली, भाजी घेऊन चालली होती, माझ्यावरच ओरडली." मग जरा बरं वाटलं.

सातव्या प्रकरणात काय आहे ते मी पुन्हा वाचलं. नायिका रेडिओवर देशद्रोह्यांची यादी वाचते, त्यात निरीक्षकाच्या मित्राचं नाव असतं. तो टोपी उचलतो आणि घर सोडून जातो. तिला एक शब्द विचारत नाही. असं काही तुझ्या घरात मोठ्याने वाचलं जाईल, याचा विचार मी केला नाही. माफ कर.

आठवं प्रकरण पाठवत नाही, फक्त सांगते: चार वर्षांनी तो परत येतो. का गेला आणि का आला, लेखक काहीच सांगत नाही. ती दार उघडते आणि आत जाऊन बशा धुवायला लागते. मला वाटतं, भाषांतर करायला हे सगळ्यात अवघड प्रकरण आहे, कारण त्यात अवघड शब्द एकही नाही.

तुला सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नुसते उकार तपास.

ठकू


४ एप्रिल

चि. ठकू,

सगळं सांगते. लांबेल. चहा घेऊन बस.

तुझा अंदाज बरोबर. ते जुळारीच. छापखान्यात आम्ही अकरा वर्षं एकत्र होतो. ते बाहेर खिळे जुळवायचे, मी आतल्या खोलीत प्रुफं वाचायची. माझ्या खोलीला काचेची खिडकी होती. त्यांच्या जुळवणीत चूक सापडली की मी काचेवर टकटक करायची. नंतर नंतर ते मुद्दाम चुका करायला लागले. दिवसाला एक, ठरलेली. लग्नाचं बोलणं आलं नव्हतं, पण येणार होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

मग संप झाला. शिसं वितळवायच्या खोलीत धूर कोंडायचा, माणसं खोकून खोकून वाकायची, तिथे हवा बाहेर टाकणारा पंखा हवा होता. मालक ऐकेना. सगळे बाहेर बसले, मीही बसले. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसातली टायपिस्ट मला गाठून म्हणाली, "दुपारी पोलीस झडती घ्यायला येणार आहेत." संपाचं पत्रक जुळाऱ्यांनी छापखान्याच्याच खिळ्यांत जुळवलं होतं आणि जुळवलेला मजकूर तसाच चौकटीत आवळून लोखंडी टेबलाखाली ठेवला होता. मला ते माहीत होतं, कारण त्याचं प्रूफ मी वाचलं होतं. तो सापडला असता तर नोकरी तर गेलीच असती, तुरुंगही होता.

फाटकावर चाळीस माणसं, पुढे ते. त्या चाळिसांत मालकाचे कान किती हे कुणाला माहीत. सांगायला तोंड उघडलं असतं तर सगळंच फुटलं असतं. मी सरळ त्यांच्यासमोरून आत गेले. 'कामावर आले' म्हणून सही केली. दोन तास बसून ती चौकट सोडली, मजकूर मोडला आणि एकेक खिळा त्याच्या त्याच्या खणात परत टाकला. बाहेर आले तेव्हा फाटकावरच्या फळ्यावर माझं नाव होतं. संपफोड्यांच्या यादीत, एकटंच. अक्षर त्यांचं होतं.

चार दिवसांनी मालक नमला, पंखा बसला. मी दुसरीकडे नोकरी धरली. मी त्यांना काही सांगितलं नाही. ज्याला विचारावंसं वाटलं नाही, त्याला आपण होऊन काय सांगायचं? या एका वाक्यावर मी एकतीस वर्षं ताठ मानेने जगले.

नोव्हेंबरात वाचनालयात पतंगासारखं शेपूट असलेली ती खूण बघितली आणि ओळखली. ते म्हणाले, "बसा." मी बसले. संपाचा विषय दोघांनीही काढला नाही. त्यांचा संसार झाला, मुलगी परदेशी आहे, बायको सात वर्षांपूर्वी गेली. मग तुझी प्रकरणं आली आणि आम्हाला बोलायला निरीक्षक मिळाला. मी त्याला शिव्या द्यायची, ते त्याची बाजू घ्यायचे.

सातव्या प्रकरणात तो टोपी उचलतो तिथे ते वाचायचे थांबले. कागद खाली ठेवले, चष्मा काढला आणि निघून गेले. तीन आठवडे वाचनालयातही आले नाहीत.

परवा सोमवारी दहा वाजता दार वाजलं. ते आत आले, बसले नाहीत. म्हणाले, "मला माहीत होतं."

मी म्हटलं, "काय?"

"संप मिटल्यावर पहिल्याच दिवशी मथळा जुळवत होतो. 'धरण' असा शब्द होता. 'ध'च्या खणात हात घातला तर हातात 'घ' आला. दुसरा काढला, तोही 'घ'. 'म'च्या खणात 'भ'. टेबलाखाली बघितलं तर चौकट नाही. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. जुळारी कधी फसत नाही. फसेल तो ज्याने जन्मभर सुलट अक्षरच वाचलंय असा माणूस. तसा माणूस आमच्याकडे एकच होता."

मग मी म्हटलं, "किती चुका होत्या?"

"चौदा."

"दोन तासांत, घाबरलेल्या हातांनी, चौदा म्हणजे फार नाहीत."

"नाहीत," ते म्हणाले. "मी तुमच्या जिन्यापर्यंत दोनदा आलो. दारावरची पाटी वाचली आणि खाली गेलो. काय तोंडाने येणार होतो? फळ्यावर नाव लिहिण्याआधी विचारायला हवं होतं, हे मला त्या खणात हात घालेपर्यंत कळलं नाही."

ठकू, तुला खरं सांगते, मला आधी आला तो रागच. एकतीस वर्षं मी मनात एक मोठा त्याग घेऊन बसले होते, कुणाला न सांगितलेला. आणि तो ज्याच्यापासून लपवला त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक. माझा सगळा मोठेपणाच त्या माणसाने काढून घेतला. मी त्यांना तसं म्हटलंही. त्यावर ते हसले, आणि मग मलाही हसू आवरेना. तुझ्या निरीक्षकाला जी अक्कल नव्हती, ती आम्हाला दोघांनाही नव्हती, हे इतकं उशिरा कळल्यावर दुसरं काय करणार?

मग मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सातवं प्रकरण जिथे सोडलं होतं तिथपासून शेवटपर्यंत वाचायला लावलं. बावीस चुका. आठवं पाठव.

चहा आता दोनदा देते.

मावशी


२३ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा दुकानाच्या पायरीवर बसून. कुठल्या दुकानाच्या, ते ओळख.

तुझं पत्र येईपर्यंत मतदान कधीच होऊन गेलं होतं आणि मी निकालसुद्धा आईकडून ऐकला होता. एकोणीस मतांनी पडला. मी वाट बघत होते की तो येऊन सांगेल. तो वाट बघत होता की मी विचारीन. तुझं 'ज्याला विचारावंसं वाटलं नाही' हे वाक्य वाचलं आणि एकतीस वर्षं म्हणजे किती, याचा हिशेब घातला. मी तेव्हा साठ वर्षांची असेन. पत्र पिशवीत टाकलं आणि निघाले.

तो कुणाचे तरी डोळे तपासत होता. मी थांबले. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने गल्ल्याखालून पत्रक काढून पुढे केलं. छापलेलं. त्यात मी खोडलेली तिन्ही वाक्यं नव्हती. त्यांच्या जागी एकच होतं: 'रोज पाणी येईल असं मी सांगू शकत नाही. ते का येत नाही, हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चौकात येऊन सांगेन.'

मी म्हटलं, "हे असं छापलंस म्हणून पडलास?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. "पण ते दुसरं छापून निवडून आलो असतो तर तुला तोंड दाखवता आलं नसतं. आणि नाहीतरी पहिल्या रविवारी मी चौकात जाऊन आलो. खुर्ची घेऊन गेलो होतो. सत्तर माणसं आली. मत दिलेली किती होती कुणास ठाऊक."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

मावशी, मी तिथेच तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. रागावू नकोस. घ-धच्या जागी आल्यावर त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "यांना एकदा भेटायला हवं. 'घ' आणि 'ध' माझ्या तक्त्यावर नाहीत, घालायला हवेत."

शेवटची दोन प्रकरणं सोबत आहेत. मोकळी जागा अजून मोकळीच आहे. मी 'खरं मानतो' लिहिलं, खोडलं. 'विश्वास आहे' लिहिलं, तेही खोडलं. आता तुम्ही दोघांनी मिळून काय ते ठरवा. प्रकाशक पंधरा दिवस वाढवून देताहेत, त्याहून जास्त नाही.

ठकू


८ जून

चि. ठकू,

पुस्तक पुरं झालं. शेवटच्या प्रकरणात सहाच चुका, त्यातली एक माझी. म्हणजे मला ती चूक वाटली आणि ती नव्हती. यांनी ते तारीखवार लिहून ठेवलंय.

मोकळ्या जागेवरून आम्ही आठ दिवस भांडलो. मी 'विश्वास आहे' धरून बसले. ते म्हणाले, "स्वयंपाकघरात एकटा बसलेला माणूस असं बोलतो का? सभेत बोलतो." मी म्हटलं, मग 'खरं आहे' लिहा. ते म्हणाले, "तो तराजू घेऊन बसलाय असं वाटेल, सगळं पुस्तक फुकट." मी चिडून म्हटलं, मग तुम्हीच सांगा, घरात बाईमाणूस म्हणालं की उद्या ऊन पडणार आहे, तर ज्याचा तिच्यावर जीव आहे तो काय म्हणतो?

ते म्हणाले, "बरं."

मी पुन्हा विचारलं, "काय म्हणतो?"

"बरं म्हणतो. एवढंच म्हणतो."

ठकू, मी ते शेवटचं पान घेतलं, तो शब्द पेन्सिलीने त्या जागी लिहिला आणि मोठ्याने वाचून बघितला. रेडिओवर ती सांगते, उद्या सकाळी धुकं, दुपारनंतर ऊन. तो स्वयंपाकघरात बसून म्हणतो, 'बरं.' त्यात तिचं खरं मानणंही आलं, तिच्यावर विश्वास ठेवणंही आलं, आणि उद्याच्या उन्हाची तयारीही आली. तुझ्या झेक लेखकाला पटेल की नाही मला माहीत नाही. तुला पटलं तर ठेव. अनुस्वार विसरू नकोस.

दुसरी गोष्ट. तुझ्या आईला मी आधी सांगितलं नाही, त्यामुळे ती तुला सांगेल तेव्हा तुला माहीत नसल्यासारखं कर. काल आम्ही नोंदणी कार्यालयात जाऊन आलो. साक्षीदार म्हणून वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आणि ती छापखान्यातली टायपिस्ट. तिला मी शोधून काढलं. तिला अजून वाटत होतं, झडतीची बातमी तिने सांगितली म्हणून माझी नोकरी गेली. तिलाही एकदा सगळं सांगून टाकलं.

खोली लहान, दोन खिडक्या, एक उघडत नाही. कारकून तरुण, घाईत. त्याने आमची माहिती विचारून टाइप केली, कागद काढला आणि सहीसाठी पुढे सरकवला. आम्ही दोघांनी तो एकदमच वाचला. सवय. आणि दोघांचाही हात एकदमच पेन्सिलीकडे गेला.

वराचा व्यवसाय, या रकान्यात त्याने 'जुळारी'च्या जागी 'जुगारी' टाइप केलं होतं.

मी म्हटलं, "अहो, इथे चूक झालीय."

कारकून म्हणाला, "दुरुस्ती करायची तर हा अर्ज रद्द करावा लागेल. नवीन तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळेल."

मी यांच्याकडे बघितलं. हे त्या शब्दाकडे बघत होते. मिशीतल्या मिशीत हसत होते. म्हणाले, "या वयात या खोलीत आलेल्या माणसाचा व्यवसाय त्याने बरोबरच लिहिलाय."

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी का होईना, नीट करून घ्या. जन्माचा कागद आहे."

मी पेन्सिल पिशवीत ठेवली, पेन घेतलं आणि चूक डोळ्यांसमोर दिसत असताना, आयुष्यात पहिल्यांदा, खाली सही केली.

मावशी